बाळंतिणींचा माठ

आई,

आज सकाळी वडनेर भोलजीची एक बाई सिझरसाठी टेबलावर होती. जुळं होतं. दोन्ही पोरं बाहेर येऊन रडली, पण गर्भाशय ओल्या कणकेसारखं सैल पडून राहिलं. रक्त ओढणाऱ्या सक्शनच्या बाटलीत लाल रेघ चढत होती. डॉक्टरीणबाईंनी ते नवं इंजेक्शन मागितलं, ज्याला फ्रिजही लागत नाही. एवढीशी काचेची कुपी, आत चमचाभरही औषध नाही. ते दिलं आणि मी बाटलीकडे पाहत उभी. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "आवळलं!" कच्च्या कवठासारखं टणक. रेघ जागच्या जागी थांबली. इतकी वर्षं अशा कुप्या डॉक्टरांच्या हातात देतेय, तरी दर वेळी अंगावर काटा येतो गं. पडद्याआडून बाई म्हणाली, "सिस्टर, रक्त लय जाऊन राह्यलं का हो?" "नाही वं, थांबलं," मी म्हटलं.

मग तुझा माठ आठवला. तू आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात आया होतीस. मे महिन्यात लाइट नसायची, म्हणून रक्त थांबवायची इंजेक्शनं तू स्टीलच्या डब्यात घालून माठातल्या गार पाण्यावर तरंगत ठेवायचीस. त्या माठाचं पाणी कुणी प्यायचं नाही. 'बाळंतिणींचा माठ' म्हणायचीस त्याला. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचा तोरा घेऊन सुट्टीला आलेली. म्हटलं, "औषध फ्रिजमध्ये ठेवतात आई, पुस्तकात लिहिलंय." तू हसलीस. "पुस्तकातल्या फ्रिजले लाइट असते पोरी. आपल्या फ्रिजले हात लावून पाह्य." मी लावला नाही. तू आजारी मावशीकडे शेगावला आठ दिवस गेलीस, तुझ्या जागी मी दवाखान्यात राबले आणि माठातला डबा उचलून फ्रिजमध्ये ठेवला.

तू परतलीस त्याच दुपारी एक सिझर निघालं. कुपी हाताला कोमट लागत होती. इंजेक्शन देऊनही रक्त थांबेना. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी गर्भाशय दाबून धरलं, तिला जीपमधून बुलढाण्याला नेलं. वाचली ती. औषध बिघडलं होतं की गर्भाशयच थकलं होतं, आजही सांगता येत नाही. डॉक्टर ओरडले, "माठातला डबा कोणी काढला?" तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस. "म्या काढला साहेब, शेगावले जायच्या आधी. चुकलं माह्यं." सगळ्यांदेखत बोलणी खाल्लीस, आणि घरी आल्यावर मला भाकरी वाढलीस.

तुला जाऊन सतरा वर्षं झाली. आता फ्रिजला इन्व्हर्टर आहे, तरी रोज सकाळी मी त्यातल्या जुन्या इंजेक्शनांच्या कुपीला बोट लावून पाहते. हाताखालच्या शिकाऊ पोरी हसतात. म्हणून आज चहा पिताना त्यांना तुझा माठ सांगितला, ती दुपारही सांगितली, डबा कोणी काढला तेवढं सोडून. त्या थक्क झाल्या. एकीनं विचारलं, "मग डबा कोणी हलवला होता मॅडम?"

मी म्हटलं, "कोण जाणे."