एका झटक्यात दिलेला होकार

प्रिय साडूभाऊ,

साष्टांग नमस्कार (साष्टांग कागदावरच, प्रत्यक्षात कंबर धरली आहे). तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईंचा खोकला गेला का? मी बरा आहे, म्हणजे तक्रार ऐकायला घरात कुणी नाही म्हणून बरा आहे. आमची ही तुमच्याकडे येऊन राहिली, तेव्हा तिची बाजू तुम्ही ऐकली असणारच. आता माझीही ऐका, कारण या प्रकरणात तुमच्या पेनड्राइव्हचाही थोडा हात आहे.

ही नाटक कंपनीचे कपडे शिवते आणि कटिंगचे सगळे नमुने कॉम्प्युटरवर आखते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिचा विंडोजवाला. त्यात एखादा नवा प्रोग्राम आणायचा म्हणजे इंटरनेटवर हिंडा, 'डाउनलोड'ची खरी-खोटी बटणं पारखा, मग 'पुढे, पुढे, पुढे' करत बसा. एकाला जेवायला बोलवावं तर सोबत दोन बिनबोलावलेले येतात आणि जाताना कुणीच जात नाही. माझ्या चष्म्याच्या दुकानातला मॅक त्या मानाने घरंदाज. चित्र उचलायचं, फोल्डरमध्ये ठेवायचं, झाला प्रोग्राम बसवून. मात्र अपडेटला मी एकदा भरदुपारी परवानगी दिली, आणि एक आजीबाई एका डोळ्यावर झाकण लावून तो संपायची वाट बघत बसल्या. (शेवटी त्यांनी दुसऱ्या डोळ्याने रस्ता धरला.)

तर त्या दिवशी ही बटणं आणायला बाजारात गेली होती आणि तिच्या कॉम्प्युटरने अपडेट काढला. 'बंद करू नका' असं तो सांगत होता. मी बराच वेळ ऐकलं. पण आकडा जागचा हलेना, आणि मी पडलो मदत करणारा माणूस, काढली वायर. त्यानंतर त्याने डोळे उघडले नाहीत. मग तुमची आठवण झाली. "एकदा लिनक्स टाका, आयुष्य सुटसुटीत होईल," असं म्हणून तुम्हीच ती पेनड्राइव्ह माझ्या खिशात घातली होती. लावली. त्याने विचारलं, डिस्कवरचं सगळं पुसायचं का? मला वाटलं, आधीच्याचा केरकचरा असेल. म्हटलं, हो. त्याने सभ्यपणे पुन्हा विचारलं, नक्की? म्हटलं, हो बाबा.

ही आली तेव्हा पडदा लख्ख होता आणि त्यावर डोंगराचं चित्र होतं.

"माझा राजा कुठाय?" तिने विचारलं. राजा म्हणजे नव्या नाटकातल्या राजाच्या झग्याचा नमुना. मी झाला प्रकार सांगितला. ती ओरडली नाही हो, ओरडली असती तर निभावलं असतं.

"इतक्या वर्षांत मला कधी एका झटक्यात 'हो' म्हणाला नाहीत," ती म्हणाली, "आणि त्याला दोनदा म्हणालात?"

बटणं वाटीत ओतली आणि बॅग भरायला घेतली.

तुमच्या लिनक्सला मात्र नावं ठेवायला जागा नाही. सगळे प्रोग्राम एकाच ठिकाणी मिळतात, सगळ्यांचे अपडेट एकदमच होतात आणि विचारल्याशिवाय तो काही करत नाही. रोज सकाळी मी त्याला उघडतो. 'सर्व काही अद्ययावत आहे,' असं तो सांगतो. शेजारी शिलाई मशीनवर चादर टाकलेली. दिवसभरात या घरात तेवढं एकच वाक्य होतं.

ताईंना नमस्कार.

आपला,
साडू

ता.क. मुद्द्याचं राहिलंच. तिचे नमुने परत आखून द्यावेत म्हणून मी कंपनीकडून राजाचा जुना झगा मागून आणला आणि सगळा उसवला. तुकडे कागदावर नीट उतरवले. फक्त आता ते परत जोडता येत नाहीत. एक तुकडा बाही आहे की विजार, हेही मला कळत नाही. शनिवारी प्रयोग आहे आणि राजाला घालायला दुसरं काही नाही.

ता.ता.क. हे पत्र तिला दाखवू नका. टेबलावर विसरलात तर गोष्ट वेगळी. फक्त चहाच्या कपाखाली नको, अक्षरं फुटतात.