मागचा शॉक आणि तुझी आई

कराड,
मंगळवार

प्रिय अपेक्षा,

आधी एका घोर अन्यायाची नोंद तुझ्याकडे करून ठेवतो. तुझी डाउनहिलची, म्हणजे डोंगरउताराच्या शर्यतीची सायकल मिरजेच्या हॉस्टेलमध्ये मावत नाही म्हणून तू ती आपल्या सोप्यात आणून लावलीस, आणि लावलीस ती नेमकी माझ्या आरामखुर्चीच्या जागी. तेव्हापासून मी सकाळचा पेपर उभ्याने वाचतोय. ज्यानं आयुष्यभर तिरकस सदरं लिहून भल्याभल्यांच्या खुर्च्या हलवल्या, त्याला स्वतःच्या घरात बूड टेकायला जागा नाही. यावर सदर लिहितो म्हटलं, तर संपादक म्हणाले, वाचकांना तुमच्या बुडात रस नाही.

तर तू सांगितलेलं मागच्या शॉकचं, म्हणजे मागच्या चाकाचे धक्के पचवणाऱ्या त्या हवेच्या नळकांड्याचं, काम झालं. पाचगणीच्या शर्यतीला नाव द्यायची मुदत शुक्रवारी संपते आणि आई हो म्हणाल्याशिवाय तू नाव देणार नाहीस, हे माझ्या लक्षात आहे. गेल्या वर्षी त्याच उतारावर तुझं खांद्याचं हाड मोडलं, तेव्हापासून तिनं सायकल हा शब्द तोंडातून काढलेला नाही. सोपा झाडतानासुद्धा ती सायकलीला वळसा घालून जाते, नको असलेला पाहुणा जेवायला थांबला असावा तशी.

मदतीला तुझा तानाजीमामा आला. पलटणीत गाड्या दुरुस्त केलेला माणूस; आता उसाच्या ट्रॉल्यांच्या टायरात हवा भरावी तर त्यानंच. तुझा तो छोटा पंप त्यानं शॉकला लावला आणि थांबेचना. आपल्याकडे चांगली वस्तू म्हणजे कडक वस्तू. चहा कडक, इस्त्री कडक, सासरा कडक. मामानं शॉक इतका कडक केला की तो स्वतः वर बसला तरी जागचा हलला नाही. “बघा दाजी, आता ऊस टाका ह्याच्यावर, दबनार न्हाई,” तो म्हणाला. मी म्हटलं, तान्या, पोरगी ऊस घेऊन उतरत नाही, आणि दबण्यासाठीच तर हे लावलंय.

मग मी व्हिडिओत बघितलेलं ज्ञान पाजळलं. शॉकच्या दांडीवर एक काळं रबरी कडं असतं. ते पार खाली सरकवायचं, शर्यतीचा सगळा सरंजाम अंगावर घालून पॅडलवर उभं राहायचं, हळूच उतरायचं आणि कडं किती सरकलं ते बघायचं. दांडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकं सरकलं की बरोबर. आता अडचण अशी की त्यासाठी तुझं वजन हवं, आणि तू मिरजेत. थोडी हवा सोडून मी उभा राहिलो, पण माझ्या पोटाच्या हिशोबानं शॉक लावला असता तर तुझ्यासाठी तो परत दगडच. मामाचं तर विचारूच नकोस, त्याच्यात तू दोनदा मावतेस.

तुझी आई स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती. ती बाहेर आली. “आवं, म्हंजे हे दबायलाच पायजे?” मी म्हटलं, हो. “आन् न्हाई दबलं तर?” मी खरं ते सांगितलं. दगडावर आपटलं की मागचं चाक उसळतं आणि माणसाला पुढं फेकतं. गेल्या वर्षी तू मागून आणलेली सायकल दुसऱ्याच कुणाच्या वजनाला लावलेली होती, तसंच झालं असावं. मग तिनं पदर खोचला आणि स्वतःचं वजन सांगितलं. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, पाठीवरची पिशवी धरून तू जेवढी भरतेस, बरोबर तेवढंच. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा आकडा मला आज कळला. संरक्षण खात्याची गुपितं याहून लवकर फुटतात.

मामानं पुढचं चाक गुडघ्यांत आवळलं, मी बाजूनं तोल सांभाळला, आणि तुझी आई साडी सावरत पॅडलवर उभी राहिली. “तान्या, हलू नगंस. हललास तर जेवायला न्हाई.” हवा सोड, परत उभी राहा, असं करत करत कडं खुणेवर आलं. उरला तो लाल नॉब, दबलेला शॉक किती वेगानं वर यावा हे ठरवणारा. मी हात घातला तर तिनं बाजूला सारला. ती सीट दाबायची, सोडायची, बघायची. टुणकन उडाली की नॉब एक खटका फिरवायची. उतू जाणाऱ्या दुधावर असते तशी नजर. शेवटी मामा म्हणाला, “अक्का, बास की. एवढं सावकाश केलंस तर पोरीचा येग जाईल.” “जाऊ दे,” ती म्हणाली. आणि जरा वेळानं, आमच्याकडे न बघता, तिनं नॉब एक खटका उलटा फिरवला.

हे तुला फोनवर सांगता आलं असतं. मी तिला म्हटलंही, तूच पोरीला फोन कर. तर म्हणाली, “फोनवर माझा आवाज टिकायचा न्हाई. तुमी लिवा. आन् माझा निरोप हाय तसा लिवा, त्याला तुमची फोडणी नगं.” मी हो म्हणालो होतो. तर हा तिचा निरोप, यातलं एक अक्षर माझं नाही: “नाव दे. लाल नॉबला हात लावायचा न्हाई. उतार संपतो तितं मी हुबी हाय.”

तुझाच,
बाबा