शेवटचा तोडा

४ ऑक्टोबर

स्ट्रॉबेरीची रोपं लावून झाली. कंबरेचे तुकडे पडलेत. सासूबाई बांधावर खुर्ची टाकून बसल्या होत्या — "मधला कोंब मातीत गाडू नकोस, कुजतो." इतकी वर्षं मीच लावतेय, आणि मलाच शिकवतात!

संध्याकाळी पुन्हा फोनवर कुजबुज. मी आत गेले की आवाज खाली. बाळ जेवला का, बाळाचा खोकला गेला का. बाळ चाळिशीचं आहे. दोन वर्षांपूर्वी बायकोला आणि आईला इथे टाकून दुसरीच्या घरी राहायला गेलंय. बाळाला काही वाटतं का, हे मात्र एकदाही विचारलं नाही त्यांनी.

२६ ऑक्टोबर

पहिली फुलं खुडून टाकली. रोप लहान असताना खुडावीच लागतात, नाहीतर सगळा जोर फळात जातो आणि रोप खुरटतं. मी लग्न होऊन आले तेव्हा हे सासूबाईंनीच दाखवलं होतं, माझं बोट धरून. तेव्हा चांगलं बोलायच्या.

२ डिसेंबर

कडाका. वाफे झाकायचे, उघडायचे, परत झाकायचे. बोटांना भेगा पडल्यात. सासूबाईंनी स्वेटर विणायला घेतलाय. माप बघितलं. माझं नाही.

२१ डिसेंबर

पहिला तोडा! फळाला बोट लागू द्यायचं नाही, देठ तेवढा नखानं खुडायचा. पाखरांनी टोचलेली वेगळी, मऊ पडलेली वेगळी. टेम्पोवाला क्रेट उचलताना म्हणाला, "वहिनी, रंग काय चढलाय यंदा!" कुणीतरी बघितलं म्हणायचं.

सासूबाईंनी त्यातली मोठी मोठी वेचून डबा भरला. "बाळाला पाठव." टेम्पोतून पाठवला. झाकण मीच लावलं. स्वतःचीच चीड आली.

१० जानेवारी

आला. पांढरे बूट घालून. वाफ्यांमधून असा चालला, की बूट वाचले, रोपं तुडवली. ती गाडीतच बसून होती, काचा वर करून.

उभ्याउभ्या चारदोन तोंडात टाकली. "जरा आंबटच आहेत." मग मुद्द्यावर आला. इथे पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या म्हणे. लोकांना मळ्यात राहायला आवडतं. एका कोपऱ्यात वाफे ठेवू, शोभेला.

"आणि ते करणार कोण?"

"तू आहेसच की!"

म्हणजे नवरा म्हणून नाही, मालक म्हणून परत आला. जमीन सासूबाईंच्या नावावर आहे. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या त्याला स्वेटर घालून बघत होत्या. बाह्या आखूड झाल्या. "उसवून वाढवून देते," म्हणाल्या. बस्स, एवढंच.

११ जानेवारी

सरळ विचारलं — "आई, सही करणार तुम्ही?"

"मुलगा आहे माझा."

"आणि मी कोण?"

वाटाणे सोलत होत्या. सोलत राहिल्या.

३० जानेवारी

सही झाली. ठेवणीतले कपडे घालून त्याच्या गाडीतून गेल्या, त्याच्याच गाडीतून आल्या. मी तोड्यावर होते. हातातलं फळ कधी चिरडलं, कळलंच नाही.

रात्री ताट वाढलं. त्यांनी मीठ मागितलं. दिलं.

६ फेब्रुवारी

टेम्पोवाल्याच्या मेहुण्याची पडीक जमीन आहे, पुलापलीकडे, खंडानं द्यायची. एक खोली, नळ बाहेर. बघून आले. "वहिनी, दगड फार आहेत हो." म्हटलं, दगडांबरोबर राहायची सवय आहे मला. तो खो खो हसला. मी विनोद केला नव्हता.

१ मार्च

शेवटचा तोडा. फळं बारीक, पण काय गोड! एकही मागे ठेवलं नाही. रोपांना लांब रनर फुटलेत, टोकाला कोवळी रोपं धरलीत. चांगली चांगली मुळासकट काढली, ओल्या गोणपाटात गुंडाळली. ही माझी. ह्यांना कुणाची सही लागत नाही.

सासूबाई दारात उभ्या.

"निघालीस?"

"हो."

"दोन भांडी तरी ने."

"नकोत."

मागे वळून बघितलं नाही. मान दुखेपर्यंत ताठ ठेवली.

९ मार्च

दिवसभर दगड वेचतेय. अजून एका वाफ्यापुरतीही माती मोकळी नाही. गोणपाटातली रोपं माना टाकायला लागलीत, तीन-चार गेलीच.

टेम्पोवाला सांगून गेला, तिकडे बुलडोझर आलाय. वाफे सपाट. ठिबकच्या नळ्या गुंडाळून रस्त्यावर फेकल्यात. मी म्हटलं, "आणि म्हातारी?" म्हणाला, "दिसल्या नाहीत." विचारलंच कशाला मी! त्यांचा बाळ आहे ना, बघेल.

एकटीच जेवले. खोलीत स्वतःच्या चावण्याचा आवाज ऐकू येतो. हेच हवं होतं ना? मिळालं.

१० मार्च

सकाळी दार वाजलं. सासूबाई! चालत आलेल्या, पूल ओलांडून. धाप लागलेली, काखेत वळकटी.

"त्याचं त्याला देऊन टाकलं. आता तो माझ्याकडे काही मागायला यायचा नाही. फोनही तिथेच ठेवून आले. अंथरूण कुठे टाकू?"

दार लावून घ्यावंसं वाटलं. खरंच वाटलं.

"इथे एकटीपुरतीच जागा आहे," मी म्हटलं.

"दोघी बारीकच आहोत," म्हणाल्या, आणि चपला काढल्या.