दफनभूमीशेजारचे फाटक

दिनांक : १४ ऑक्टोबर २०१९

प्रति,
मा. विभागप्रमुख,
क्रीडा व सार्वजनिक जागा विभाग,
नगरपालिका, शिलुपिस.

विषय : येत्या १ नोव्हेंबर रोजी फुटबॉल मैदानाच्या फाटकावर परगावचा, येथील एकाही माणसाला न ओळखणारा पहारेकरी नेमणेबाबत.

संदर्भ : १) याच विषयावरील माझे यापूर्वीचे सर्व अर्ज.
२) त्यांवर आलेले आपले एकमेव उत्तर.

महोदय,

१. उपरोक्त विषयी सविनय सादर करतो की, मी, रिमगाउदास स्तुल्गिस, शिलुपिस फुटबॉल क्लबचा अध्यक्ष आहे. आमचे मैदान आणि गावची दफनभूमी यांच्यामध्ये एक भिंत आहे, हे आपणांस ज्ञात आहेच. नोव्हेंबरच्या आरंभी, वेलिनेसच्या स्मरणदिनांत, सारे गाव आणि परदेशी गेलेले निम्मे गाव आपापल्या मृतांना दिवे लावायला येते व गाड्या आमच्या मैदानावर उभ्या करते. त्या दिवसांत गवत पावसाने पोटभर भिजलेले असते. गाड्या निघून गेल्यावर तिथे फुटबॉल सोडाच, बटाटेसुद्धा सरळ ओळीत लावता येणार नाहीत.

२. यंदा रविवार, ३ नोव्हेंबर रोजी आमचा मोसमातील अखेरचा सामना याच मैदानावर आहे. गेल्या वर्षी पंचांनी चाकोऱ्या पाहून सामना रद्द केला व प्रतिपक्षाला विजयी घोषित केले. मैदान सलग दुसऱ्या वर्षी नापास झाल्यास क्लबचा परवाना रद्द होतो. परवाना गेल्यास मैदानावर डांबर टाकून कायमचा वाहनतळ करावा, असा ठराव आपल्या विभागाने आगाऊच करून ठेवला आहे. एवढी तत्परता आमच्या गळक्या नळाच्या बाबतीत दिसली नव्हती, हे नम्रपणे नमूद करतो.

३. अर्जदाराविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या उत्तरात माझा उल्लेख 'संबंधित रहिवासी' असा झाला आहे.

माझा जन्म याच गावचा. इथे मूल चालू लागले की त्याच्या हाती बास्केटबॉल देतात. मी चेंडू पायाने मारू लागलो तेव्हा वडील म्हणाले होते, "का रे, हात मोडलेत का तुझे?" तो प्रश्न या गावाने मला आजतागायत निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. एका माणसाने मात्र तो कधीच विचारला नाही. ते आमचे प्रशिक्षक वैदोतास ब्रुझास. मैदान त्यांनी स्वतः नांगरून, सपाट करून, पेरून तयार केले. त्यांचा एक नियम होता. चेंडू भिंतीपलीकडे गेला की ज्याने मारला त्यानेच जायचे, टोपी काढायची, पडलेला दिवा सरळ करायचा, थडग्यावरच्या माणसाचे नाव वाचायचे आणि मग चेंडू आणायचा. मी उजव्या बाजूने खेळायचो आणि माझे फटके उंच जायचे. त्यामुळे गावातले बहुतेक मृत मला नावानिशी माहीत आहेत.

पुढे मी राजधानीत, विल्निअसच्या क्लबात खेळलो. देश स्वतंत्र झाल्यावर फिनलंडमध्ये आणि पोलंडच्या खालच्या वर्गातही खेळलो. देशाचा पिवळा सदरा एकदाच अंगावर चढला, तोही शेवटच्या काही मिनिटांपुरता. त्यात चेंडू माझ्याकडे एकदा आला आणि मी तो नीट परत दिला. मला त्या गोष्टीचा अभिमान आहे. मग गुडघा गेला. पायाने जे जमले नाही ते शिक्क्याने जमते का पाहावे म्हणून मी जिल्हा फुटबॉल संघटनेत सचिव झालो. मैदानांची दुर्दशा थांबावी म्हणून 'सलग दोन वर्षे नापास, तर परवाना रद्द' हा नियम मीच मांडला आणि तो मंजूर व्हावा म्हणून रक्त आटवले. आज त्याच संघटनेकडे सामन्याची तारीख बदलून मागितली, तर तिथला तरुण सचिव हसून म्हणाला, "साहेब, तुम्हीच तर शिकवलंत, नियमाला काका-मामा नसतात म्हणून!" नियम चांगला आहे. मला तो बदलून नको आहे.

४. गाड्या थांबवण्यासाठी मी आजवर केलेले उपाय असे. प्रथम 'वाहनांस मज्जाव' अशी पाटी लावली. ती काढून लोकांनी चिखलात रुतलेल्या चाकाखाली घातली. पुढच्या वर्षी फाटकाला साखळी व कुलूप घातले. तेव्हा पहिली गाडी फादरांची निघाली. त्यांनी काच खाली करून विचारले, "रिमगाउदास, मृतांना कुलूप लावणार का बाबा?" मागे रस्ताभर रांग लागलेली. मी कुलूप काढले.

गतवर्षी आपल्या तोंडी सूचनेनुसार मी स्वतः फाटकात उभा राहिलो. आपण म्हणाला होतात, "अहो, एवढे मोठे खेळाडू तुम्ही, तुमचा शब्द कोण मोडणार?" त्या शब्दाचे काय झाले ते सांगतो.

पहिल्या आल्या कझिमिएरा बाई. त्यांनी मला वाचायला शिकवले. गाडीत बसलेल्या, मांडीवर शेवंतीची कुंडी, हातात काठी. म्हणाल्या, "रिमास, तुझी आई गेली तेव्हा आमच्या ह्यांनी खांदा दिला होता. ह्यांच्यापर्यंत मी या काठीवर चालत जाऊ?" मी म्हणालो, बाई, फक्त तुम्ही. त्यांच्यामागे आमचा जुना गोलरक्षक आल्विदास, दोन्ही कुबड्यांसह. तो म्हणाला, "बाईंना सोडलंस आणि मला अडवतोस? लेका, तुझ्या चुकांपायी किती गोल खाल्लेत मी!" हे खरे असल्याने त्यालाही सोडले. तिसरी गाडी भाड्याची होती. तिच्यात माझी मुलगी गिन्तारे, आयर्लंडहून थेट आलेली, मागे नातू झोपलेला. ती म्हणाली, "बाबा, आईसाठी फुलं आणलीत. कुठे लावू गाडी?"

महोदय, माझी पत्नी वितालिया भिंतीलगतच, ब्रुझास सरांच्या शेजारच्या ओळीत आहे. फाटक मी स्वतःच्या हाताने सताड उघडले आणि मुलीची गाडी कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी लावून दिली. त्यानंतर कोणाला कोणत्या तोंडाने अडवणार? आपली राखाडी गाडी उत्तरेकडच्या गोलाच्या ऐन तोंडाशी उभी होती, हे तक्रार म्हणून नव्हे, केवळ नोंद म्हणून लिहितो. आपल्या मातोश्रींची जागा त्याच बाजूला आहे.

५. बास्केटबॉल सभागृहासमोर मोठा डांबरी वाहनतळ आहे. तो त्या दिवशी मिळावा या माझ्या विनंतीवर आपले उत्तर असे : 'सुट्टीनिमित्त तेथे कुमारांची स्पर्धा असल्याने खेळाची गैरसोय करता येणार नाही.' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. खेळाची गैरसोय करता येत नाही, हे मान्य. मग आम्ही इतकी वर्षे त्या गवतावर काय करत होतो, हे कृपया लेखी कळवावे.

६. क्लबच्या माणसांनीच पहारा द्यावा, असेही आपण सुचवले आहे. क्लबचा प्रत्येक माणूस या गावचा आहे. प्रत्येकाचे कोणी ना कोणी भिंतीपलीकडे आहे आणि प्रत्येकाची कोणी ना कोणी आजी गाडीत बसून येणार आहे. त्या संध्याकाळी या गावात नाही म्हणू शकेल असा माणूस जन्माला आलेला नाही. ही आमची खोड म्हणा, रीत म्हणा, पण ती आहे.

७. आता मूळ मुद्दा. तो लिहायचे मी टाळत होतो.

गेल्या रविवारी गिन्तारेचा फोन आला. तिने विमानाची तिकिटे काढली आहेत. म्हणाली, "बाबा, यंदा पण येतोय आम्ही. फाटक उघडं ठेवशील ना?" सामना, परवाना, डांबर, सगळे माझ्या जिभेवर आले होते. मी म्हणालो, "हो गं. ये तू."

फोन ठेवल्यावर मी मैदानावर जाऊन बसलो. पायांचे, शिक्क्यांचे, आयुष्याचे जे काही केले ते एवढ्या एका हिरव्या तुकड्यासाठी, आणि तो वाचवायला मीच नालायक आहे. मला फार भीती वाटते आहे, साहेब. डांबर पडले तर मी कुठे जाऊ? चेंडू भिंतीपलीकडे मारणारेच कोणी उरले नाही, तर ब्रुझास सरांचा दिवा वर्षभर कोण सरळ करणार?

८. सबब, विनंती अशी :

(क) १ नोव्हेंबर रोजी सकाळपासून फाटकावर परजिल्ह्यातला पहारेकरी नेमावा. त्याचे कोणीही येथे पुरलेले नसावे. त्याला लहानपणी कझिमिएरा बाईंनी शिकवलेले नसावे.

(ख) चालू न शकणाऱ्यांसाठी मी क्लबच्या खेळाडूंना हातगाड्या व छत्र्या घेऊन रस्त्यावर उभे करीन. कुंड्या ते वाहतील, आज्यांनाही वाहतील. आल्विदासला मी स्वतः पाठीवर घेईन. त्याचे तेवढे देणे लागतो.

(ग) पहारेकऱ्यास लेखी आदेश द्यावा की, पांढऱ्या मिशांचा, उजव्या पायाने लंगडणारा एक इसम भाड्याच्या गाडीपुढे चालत येईल. तो सांगेल की मी क्लबचा अध्यक्ष आहे, मी देशासाठी खेळलो आहे, गाडीत माझी मुलगी आहे आणि ही फुले तिच्या आईची आहेत. तो सांगेल ते सर्व खरे असेल. त्याला आत सोडू नये.

मुलीला काय सांगायचे ते माझे मी पाहीन.

आपला नम्र, आणि फाटकापुरता अविश्वासू,

(सही)
रिमगाउदास स्तुल्गिस
अध्यक्ष, शिलुपिस फुटबॉल क्लब

सोबत :
१. मैदानाच्या फाटकाची किल्ली.
२. त्याच फाटकाची दुसरी किल्ली, जी माझ्याकडे नाही असे मी मागील अर्जात लिहिले होते. मागितली तरी मला परत देऊ नये.