मेणाचे हात

१७ तारीख, मंगळवार
दुपारचे तीन, कारखान्यातून

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. एरवी मी तो पत्राच्या कोपऱ्यात कसाबसा कोंबतो. आज खरंच जमिनीवर आडवा पडून घालतोय असं समज. इकडे आम्ही ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण चाकावर बसायचं काही सोडत नाहीत. मांजरीने ग्लेझच्या बादलीच्या झाकणावर बिऱ्हाड थाटलंय. हाकललं तर माझ्याकडे अशी बघते, जणू आगंतुक मीच.

तुझं पत्र गेल्या आठवड्यात सोमवारी मिळालं. शाळेने तुला मातीकाम शिकवायला बोलावलंय, त्यांच्याकडे छोटी भट्टीसुद्धा आहे, हे वाचून मी उडीच मारली. पुढची ओळ वाचली आणि मटकन खाली बसलो. 'नाही म्हणून कळवणार आहे. माझ्या हातातच काहीतरी दोष आहे, पोरांच्या वस्तू बिघडवायला नकोत.' महिनाअखेरीपर्यंत कळवायचंय ना? म्हणजे अजून तेरा दिवस आहेत. कळवायची घाई करू नकोस. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

मी सध्या काय उद्योग करतोय ते सांगतो. भांड्यावर जिथे ग्लेझ नको, तिथे ते अडवायचे प्रयोग. म्हणजे काचेसारख्या त्या थरातून तेवढी जागा उघडी राहते आणि मातीचा रंग नक्षीसारखा दिसतो. आधी ओल्या वर्तमानपत्राची पानं कापून चिकटवली. कडेने ग्लेझ आत शिरलं, पानाचं पार भजं झालं. मग कागदी चिकटपट्टी लावली. रेघा छान सरळ येतात, पण गोलाईवर सुरकुत्या पडतात. रबराचं दूध लावलं, ते वाळल्यावर सालीसारखं सोलून निघतं. सोलताना इतकी मजा येते की काय सांगू! एका बरणीवर सोलायला विसरलो आणि भट्टी पेटवल्यावर असा घाण वास सुटला की बाबा म्हणाले, "काय रे, चप्पल भाजतोयस का?" ओठांना लावायचं मलमही लावून पाहिलं. हस खुशाल.

सगळ्यात भारी मात्र मेण. मेणबत्ती वितळवायची, त्यात थोडं तेल घालायचं आणि गरम असतानाच कुंचल्याने फिरवायचं. जाड लागलं तर ग्लेझ लगेच थेंब थेंब होऊन ओघळतं. पातळ लागलं तर मात्र फसवतं. ग्लेझ वरून बसल्यासारखं दिसतं, वाळताना केसाएवढ्या भेगा पडतात, आणि भट्टीत तेवढ्या जागेवरून ते मागे सरकून बाजूला गोळा होतं. नुसत्या हाताला लागलेलं मेणही पुरतं.

ताई, हे मला आत्ता कळलेलं नाही. सहा वर्षांपासून माहीत आहे.

तुला आठवतं, बाबांनी मेण ग्लेझच्या खोलीत आणायला सक्त मनाई केली होती? "एकदा लागलं की धुऊन जात नाही, वस्तू परत भाजावी लागते," म्हणायचे. मी जेवणाच्या सुट्टीत चोरून आणायचो. तुझ्या त्या हॉटेलच्या चाळीस ताटल्या पहिल्या भाजणीतून निघून फळीवर होत्या, त्या दिवशीही मी मागच्या मोरीत मेण वितळवत बसलो होतो. तू हाक मारलीस, "ढब्बू, ताटल्या उतरवून दे रे!" मी हात पँटला पुसले आणि आलो. थोड्या तू उतरवल्यास, बाकीच्या मी. खराब निघाल्या तेवीस. पुढून अंगठा, मागून चार बोटं, तेवढी जागा भुंडी.

बाबा त्या हॉटेलवाल्यासमोर काय म्हणाले ते मी लिहीत नाही. नाही, लिहितोच. "हात धुऊन ग्लेझला बसावं, एवढंही हिला जमत नाही." तू म्हणालीस, "मी धुतले होते, बाबा." एवढंच म्हणालीस. मी तुमच्या दोघांच्या मध्ये उभा होतो. आठवड्याने तू बॅग भरलीस. ती बॅग स्टँडवर मीच उचलून दिली, वर तुला म्हणालो, "जाऊ दे गं, बाबांचा स्वभावच तसा." काय तोंड होतं माझं!

इथवर लिहून मघाशी चहा करून आलो. वाटलं, एवढं पुरे आहे. चूक झाली, घाबरलो, गप्प बसलो. तूही एवढं माफ करून टाकशील, मला ठाऊक आहे. म्हणूनच उरलेलं लिहायला हवं.

भट्टी मी भरली होती, ताई. ग्लेझ वाळलं होतं. चौथी की पाचवी ताटली आत ठेवताना मला त्या भेगा दिसल्या. मी अंगठा त्यावर ठेवून पाहिला. बरोब्बर बसला. तेव्हा थांबलो असतो तर ग्लेझ धुऊन, ताटल्या परत भाजून चार दिवसांत सगळं निस्तरलं असतं. हॉटेलवाला चार दिवस थांबलाही असता. मी उरलेल्या ताटल्या आत रचल्या आणि दार लावलं. बाबांच्या रागाला भ्यालो हे खरंच. पण तेवढंच नाही. महिनाभर त्यांच्या तोंडी तुझंच कौतुक होतं. मी तिथे फळ्या पुसायचो आणि ऐकायचो. दार लावताना मला थोडं बरं वाटलं होतं. हे आजवर कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही.

रविवारी बाबांना सांगितलं. ते माती मळत होते. सगळं ऐकून घेतलं आणि मातीच्या हातानेच माझी पाठ थोपटली. "बहिणीसाठी स्वतःवर घेतोयस होय? चांगला आहेस रे पोरा." मी म्हटलं, "अहो बाबा, खरंच मीच." ते म्हणाले, "पुरे आता. तिचं पत्र आलं की तू असाच हळवा होतोस." आणि खरं सांगू? सोमवारचा अख्खा दिवस मी ते कौतुक गोड मानून घेतलं. सोमवारी ते मला दोनदा 'शहाणं माझं बाळ' म्हणाले. बत्तिसाव्या वर्षी! मला ते आवडलं. एवढा मी नालायक आहे.

आज सकाळी मात्र पोत्यांमागून ताटली काढली. त्या तेविसांतली एक मी तेव्हा लपवून ठेवली होती. का, ते मलाच माहीत नाही. माझा डावा अंगठा लहानपणी दारात चेंगरून वाकडा झालाय, तुला ठाऊकच आहे. ताटलीवरची भुंडी जागाही तशीच वाकडी आहे. बाबांसमोर त्यावर अंगठा ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग विचारलं, "भट्टी उघडल्यावर कळलं, की पेटवायच्या आधी?"

म्हटलं, "आधी."

त्यांनी मला मारलं असतं तर सोपं गेलं असतं. ते उठले, हात धुतले, पुन्हा धुतले, आणि घरी निघून गेले. सकाळचं काम अर्धवट टाकून गेलेले मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. जेवायला गेलो तर दाराशीच म्हणाले, "तिचा पत्ता लिहून दे." तुझी पत्रं माझ्याच नावावर येतात, त्यांना पत्ता माहीत नव्हता. दिलाय. ते लिहितील की स्वतः येतील, मला काही बोलले नाहीत. आले तर दारातून परत पाठवायचं की आत घ्यायचं, ते तू ठरव. मी त्यात पडणार नाही.

माफ कर असं लिहिणार होतो. नाही लिहीत. मागायला हक्क लागतो, तो मी भट्टीच्या दाराआड ठेवून आलो. तुझी सहा वर्षं मला परत करता येत नाहीत. त्या ऑफिसात पावत्या फाडत तू ती काढलीस, आणि दर पत्रात मला विचारत राहिलीस, 'ढब्बू, माझं नेमकं काय चुकलं असेल रे?' मी प्रत्येक वेळी उत्तर दिलं, 'कोण जाणे.' ती पत्रं तुझ्याकडे असतील. फाडून टाक.

तुझं काहीही चुकलं नव्हतं. तुझे हात स्वच्छ होते. तू स्वतः उतरवलेल्या सतरा ताटल्या अजून त्या हॉटेलात वापरतात, मी गेल्या महिन्यात जाऊन पाहून आलो. एकीचाही टवका उडालेला नाही.

मला उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल. शाळेला मात्र हो म्हणून कळव. माझ्यासाठी नको, बाबांसाठीही नको.

इथे नेहमी 'तुझा लाडका भाऊ' लिहितो. आज त्यातला एकही शब्द लिहायला धजत नाही.

ढब्बू