मागच्या अंगणातल्या जाळीची व्यवस्था

मी, नेलिदा आरोस्पिदे, कै. रुबेन बिदेगाइन यांची पत्नी, वय चौऱ्याहत्तर, राहणार पायसांदू, उरुग्वे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. तरी सकाळपासून पाय एका जागी ठरत नाही.

१. बँकेतली शिल्लक मुलगा गोन्सालो व मुलगी मिर्ता यांना समसमान. शिवणयंत्र भाची लुर्देसला. तिने ते गंजू देऊ नये.

२. मांस भाजण्याची लोखंडी जाळी, चिमटा व सुरी मिर्ताला. कारण लिहिणे भाग आहे, कारण माझे दीर अन्सेल्मो हक्क सांगतील.

आमच्याकडे रविवारची आग पुरुषांची. रुबेन मांस भाजत असे, मी बटाटे सोलत असे. मग त्याला अर्धांगवायू झाला, उजवा हात गेला. तो दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच रविवारी भावजी चिमटा घ्यायला सरसावले, तर रुबेनने डाव्या हाताने तो माझ्यापुढे धरला. भावजी हसले, "वहिनी, तुम्ही आपलं सॅलड करा हो. मांसाचा कोळसा कराल!"

कोळसाच झाला. बाहेरून काळे, आतून कच्चे; कांदे तर ओळखू येईनात. रुबेनने एका बाजूने चावत सगळे संपवले आणि म्हणाला, "पुढच्या वेळी निखारे पसरून घे." भावजी टोपी घालून निघून गेले. परत आले ते रुबेनच्या अंत्यविधीनंतर, गाडी घेऊन. मी आलेल्या माणसांसाठी मांस भाजत होते.

"जाळी माझ्या बापाची आहे."

"असेल. तापली आहे. उचला."

त्यांनी उचलली नाही.

३. माझ्यामागेही जेवण याच अंगणात व्हावे. हाडासकट जाड काप, त्यावर फक्त मीठ. राखेत पुरलेले बटाटे, लाल ढोबळी मिरची, वांगी. भावजींना आवर्जून बोलवावे, सावलीतली खुर्ची द्यावी. चिमटा देऊ नये.

४. राहिले घर. इथे मी लिहिते, खोडते, उठून खिडकीशी जाते. गोन्सालो म्हणतो, "आई, विकून टाक ते आणि माँतेविदेओला माझ्याकडे ये. गच्चीवर गॅसची शेगडी आहे की!" मिर्ता आत्ता अंगणात आग सांभाळते आहे.

"बटाटे उलटव गं!"

"उलटवलेत. तू लिही."

"आणि मिरच्या?"

"आई, आत जा बघू!"

इथे लिहिणे थांबले होते, कारण तिने हाक मारली. ताट वाढून तयार होते. या अंगणात मी वर्षानुवर्षे उभ्यानेच जेवले, एक डोळा निखाऱ्यांवर ठेवून. "बस," ती म्हणाली. बसले. मांस मऊ होते, कडेची चरबी कुरकुरीत. मिरच्यांची जळकी साल तिने काढून टाकली होती.

"इथल्या शाळेत बदली मागितली होती. मिळाली," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तू बरी होईपर्यंत नाही हं. कायमची."

मी आणखी एक बटाटा घेतला.

सबब, घर मिर्ताचे. नदीकाठची जमीन गोन्सालोची. त्याने रुसू नये, रविवारी यावे. आज मी बसून, पोटभर जेवले, याचीही नोंद व्हावी.

सही: नेलिदा आरोस्पिदे

साक्षीदार:
ओल्गा सिल्वेइरा, शेजारीण
वॉशिंग्तन पिंतोस, खाटीक

पायसांदू, रविवार, ५ मे २०१९