सुबक जबानी

प्रिय ठमाबाई,

पत्र बघून घाबरलीस ना? मी धडधाकट आहे. तुझी आई गेल्यापासून जेवणाची वेळ तेवढी पाळली जात नाही, पण चर्चच्या हॉलमधल्या आमच्या टेबलाशी बसलो की भूक आठवतच नाही. सीमा ओलांडून आलेली माणसं येतात, मी त्यांच्या आश्रयाच्या अर्जासाठी जबानी लिहून घेतो आणि मुलाखतीला त्यांच्या शेजारी बसतो. निवृत्त मास्तराला याहून चांगलं काम कोण देणार? फादर चिडवतात की मी मिस्साला उशिरा येतो, टेबलाला कधीच नाही.

तू मात्र चिडवत नाहीस, रागावतेस. मागे फोनवर म्हणालीस, जगाच्या लेकींसाठी बाबांना वेळ आहे, स्वतःच्या लेकीसाठी नाही. तेव्हा मी काहीबाही बोलून वेळ मारून नेली, पण तुझं खरं होतं. तू वसतिगृहातून पत्रं पाठवायचीस आणि मी ती लाल शाईने तपासून परत पाठवायचो. तुला घरची आठवण येत होती आणि मी परिच्छेद पाडत होतो.

गेल्या वर्षी एक शिवणकाम करणारी बाई आली, तुझ्याच वयाची. हॉलच्या पडद्यांच्या उसवलेल्या कडा तिने कुणी न सांगता शिवून दिल्या. हकिगत मात्र तुकड्यातुकड्यांनी यायची. नवऱ्याला आधी नेलं की घर आधी जळलं, हे तिला सांगता येईना. मास्तर कसला गप्प बसतोय! मी सगळं ओळीने लावलं, अंदाजाने तारखा घातल्या आणि वाचून दाखवलं. माझा मान ठेवायचा म्हणून ती हो हो म्हणत गेली आणि तिने सही केली. मुलाखतीत ती आपल्या पद्धतीने, अडखळत बोलली. कागदाशी काही जुळेना. ती खोटं बोलते असा शेरा मारून अधिकाऱ्याने अर्ज फेटाळला. मी शेजारीच होतो गं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तिनेही माझं नाव घेतलं नाही. उलट बाहेर आल्यावर मलाच पाणी आणून दिलं.

मी पापनिवेदन केलं. फादरांनी क्षमा दिली, पण कचेरीत जाऊन सांगितल्याशिवाय त्या बाईचं काय भलं होणार, असंही सुनावलं. येत्या मंगळवारी सकाळी दहाला अपिलाची सुनावणी आहे. तेही फेटाळलं तर ती जिथून जीव मुठीत घेऊन पळाली तिथेच तिला परत पाठवतील. त्या तारखा माझ्या होत्या, अशी साक्ष मी देणार आहे. मग कुणाच्या शेजारी बसायचा माझा परवाना जाईल. जाऊ दे.

पण साक्षीदाराला बोलावणं येईपर्यंत बाहेर थांबावं लागतं, आणि तोवर ती आत एकटी असेल. तिला सोबत एक माणूस नेता येतो. कुणाला नेऊ, असं तिने विचारलं आणि मला तुझ्याशिवाय कुणी सुचलं नाही. येशील का? बोलायचं काही नाही, नुसतं शेजारी बसायचं. ती अडखळेल, मागचं पुढे सांगेल. ते तसंच ऐकून घेणं मला जमलं नाही, तिचंही नाही आणि तुझंही नाही. सगळं आटोपलं की दाराबाहेरच्या बाकावर मी असेन. त्या दिवशी मला दुसरं काहीही काम नाही. तुझं काय चाललंय ते सांग. कुठूनही सुरुवात कर.

तुझाच,
बाबा